कापलेला कॉल आणि न केलेली तक्रार

२०२४ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत देशभरातून नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांविरुद्ध ७.९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सांगितलं. आकडा वाचताना मोठा वाटतो. पण देशात मोबाइलच्या जोडण्या ११० कोटींच्या वर आहेत. हिशेब केला तर हजार जोडण्यांमागे सहा महिन्यांत एक तक्रारसुद्धा पडत नाही. याचा अर्थ लोकांना त्रास होत नाही, असा कोणी काढू नये. वर्ध्याला चिकटून वाढलेल्या सिंदी मेघेसारख्या गावात कोणत्याही चौकात, किराणा दुकानासमोर किंवा पिठाच्या गिरणीवर विचारा. कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा, प्लॉट, शेअर बाजाराच्या टिपा असं काहीतरी विकणारा रेकॉर्ड केलेला आवाज ज्याच्या फोनवर आला नाही, असा माणूस शोधावा लागेल. आणि बहुतेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते: "कंपनीचा फोन असन, काप." कॉल कापला जातो, फार तर नंबर ब्लॉक होतो आणि विषय मिटतो. तो तसा मिटतो, म्हणूनच हा धंदा चालतो, असं मला वाटतं. कॉल कापल्याने आपली त्या क्षणापुरती सुटका होते, कॉल करणाऱ्याचं मात्र काहीच जात नाही. त्याला आवर घालण्याची कळ आता कायद्याने तक्रारीत ठेवली आहे आणि ती कळ आपण दाबत नाही.

हे कॉल येतात कसे, ते आधी पाहू. पलीकडे कोणी माणूस बसून आपला नंबर फिरवत नसतो. संगणकात नंबरांची यादी भरलेली असते आणि यंत्र एकापाठोपाठ एक नंबर लावत सुटतं. एकाच जोडणीतून एकाच वेळी अनेक कॉल करता येतील अशा लाइनी व्यवसायांना मिळतात. कार्यालयं, रुग्णालयं, बँका यांना त्यांची खरीच गरज असते, पण त्याच लाइनीवर हा धंदाही चालतो. कोणी फोन उचलला की रेकॉर्ड केलेला आवाज सुरू होतो. "अधिक माहितीसाठी एक दाबा, हे कॉल नको असल्यास दोन दाबा." एक दाबला तर कॉल पुढे माणसाकडे जातो. दोन दाबला तरी नंबर चालू आहे आणि पलीकडे ऐकणारा कोणीतरी आहे, एवढं यंत्राला कळतंच. काही वेळा फोन उचलावा तर पलीकडे नुसती शांतता असते आणि दोन-तीन सेकंदांत कॉल तुटतो. त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. कॉल सेंटरमधली माणसं एक मिनिटही रिकामी बसू नयेत म्हणून यंत्र माणसांपेक्षा जास्त नंबर एकदम लावतं. जितके लोक उचलतील असा अंदाज बांधला, त्याहून जास्त लोकांनी उचलला तर उरलेल्यांशी बोलायला कोणी मोकळं नसतं. म्हणजे तुम्ही हातातलं काम टाकून धावत आलात, ते त्यांचा कर्मचारी अर्धा मिनिट रिकामा राहू नये यासाठी. कॉलमागचा खर्च इतका कमी असतो की हजारांतून एखादा गिऱ्हाईक सापडला तरी हिशेब जुळतो. बाकीच्या सगळ्यांचा जो वेळ गेला, त्याची नोंद त्या हिशेबात कुठेही होत नाही.

पण वेळ हे नुकसानाचं सर्वांत लहान माप आहे. कपाशीवर फवारणी करणारा शेतकरी पाठीवरचा पंप उतरवतो, औषधाचे हात धुतो, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला फोन बाहेर काढतो आणि ऐकतो काय, तर पर्सनल लोनची जाहिरात. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी तो फोन काढत नाही. आणि पाचवा फोन कुणाचा असेल ते सांगता येत नाही. वर्धा परिसरात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून रोगी इथे येतात. वॉर्डातून नातेवाइकाला केलेला फोन, रक्त हवं म्हणून केलेला फोन, मुलाच्या कॉलेजातून आलेला फोन, हे सगळे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने अनोळखी नंबरच असतात. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हा नियम घराघरांत पक्का होत चालला आहे. तो नियम शहाणपणाचा आहे, यात वाद नाही. पण तो पाळताना आपण आपल्याच माणसांसाठीही दार लावून घेतो.

यंत्राने केलेला प्रत्येक कॉल वाईट असतो असंही नाही, आणि म्हणून तर हे नुकसान अधिक बोचतं. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने जानेवारी २०१६ मध्ये 'किलकारी' ही सेवा सुरू केली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत आईच्या फोनवर आठवड्याला एक, असे ७२ रेकॉर्ड केलेले संदेश येतात. लोहाच्या गोळ्या, लसीकरण, स्तनपान, धोक्याची लक्षणं, ज्या त्या आठवड्याला लागेल ती माहिती त्यात असते. त्याच्याही आधी मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेल्या 'आरमान' संस्थेने 'एममित्र' नावाची अशीच फोनसेवा उभी केली. वाचता न येणाऱ्या बाईलाही ऐकता येतं, साधा बटणांचा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही. गरीब घरापर्यंत पोचायला याहून स्वस्त साधन शोधून सापडणार नाही. पण या सेवांना सतत भेडसावणारी अडचण अशी, की बऱ्याच बायका काही आठवड्यांनी कॉल घेणं सोडून देतात. कोण सोडून देण्याच्या बेतात आहे हे आधीच ओळखून तिला माणसाने फोन करावा, यासाठी 'आरमान'ने गूगलच्या संशोधकांना सोबत घेऊन संगणकीय पद्धत तयार केली. ऐकणं सुटण्याची कारणं अनेक आहेत. फोन नवऱ्याच्या खिशात असतो, सिम बदलतं, कामाच्या वेळी कॉल येतो. सगळा दोष जाहिरातींच्या कॉलना देणं बरोबर होणार नाही. पण ज्या फोनवर दिवसभर यंत्राचा आवाज कर्ज विकतो, त्याच फोनवर यंत्राचाच आवाज बाळाच्या लसीबद्दल सांगू लागला, तर पहिल्या दोन सेकंदांत दोघांतला फरक कळायचा कसा? सेवाग्रामच्या आश्रमात आजही एक जुना टेलिफोन दाखवतात. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी गांधीजींशी बोलता यावं म्हणून तो तिथे बसवून घेतला होता. तेव्हा घंटी वाजली की कोणालातरी आपल्याशी खरोखर बोलायचं आहे, एवढं तरी नक्की असे. मोबाइल सगळ्यांच्या हाती येईपर्यंत ही खात्री टिकली होती. ती आता उरली नाही, आणि ती घालवणाऱ्यांनी त्याची किंमत मोजलेली नाही.

सरकारने काही केलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००७ साली 'नॅशनल डू नॉट कॉल' नोंदवही आली. २०१० च्या नियमांमुळे, जे सप्टेंबर २०११ पासून पुरते लागू झाले, तिची जागा आज आपण ज्याला डीएनडी म्हणतो त्या पद्धतीने घेतली. १९०९ हा क्रमांक त्यासाठीच आहे. त्यावर 'स्टार्ट' हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे शून्य टाकून एसएमएस पाठवला की सगळ्या जाहिराती बंद करण्याची इच्छा नोंदवली जाते. सगळ्या नको, फक्त बँकेच्या किंवा फक्त घरबांधणीच्या बंद करायच्या, असंही करता येतं. जुलै २०१८ मध्ये आणखी कडक नियम आले. जाहिरात करणारी कंपनी, तिचं नाव, तिचा मजकूर, ग्राहकाची संमती, सगळ्याची नोंद ब्लॉकचेनवर आधारलेल्या यंत्रणेत करणं बंधनकारक झालं. एसएमएसच्या बाबतीत याचा फरक पडला. पण कॉलच्या बाबतीत एक मोठी फट राहिली. ज्याने टेलिमार्केटर म्हणून नोंदणी केली, तो नियमाने बांधला गेला. ज्याने नोंदणीच केली नाही आणि साध्या दहा आकडी नंबरावरून कॉल लावायला सुरुवात केली, तो बराचसा मोकळा राहिला. डीएनडी करूनही फोन येतात, अशी जी सार्वत्रिक तक्रार आहे, तिचं मूळ इथे आहे. डीएनडी खोटं नव्हतं. ज्यांच्यापासून वाचायचं होतं, ते त्या यादीकडे पाहतच नव्हते.

ही फट बुजवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १३ ऑगस्ट २०२४ रोजी झाला. नोंदणी नसलेला कोणी अशा कॉलसाठी लाइन वापरताना सापडला तर त्याच्या सगळ्या जोडण्या तोडा आणि त्याला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, असा आदेश ट्रायने सर्व दूरसंचार कंपन्यांना दिला. पहिल्या काही आठवड्यांतच पावणेतीन लाखांहून अधिक नंबर आणि जोडण्या तोडल्या गेल्या आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या. ऑगस्ट महिन्यात १.८९ लाख असलेल्या तक्रारी ऑक्टोबरमध्ये १.५१ लाखांवर आल्या. तक्रारी घटल्या म्हणजे कॉल तितकेच घटले, असं मी म्हणणार नाही. तक्रार करून लोक थकले तरी आकडा खाली येतोच. पण जोडणी मुळापासून तोडली की परिणाम दिसतो, एवढं त्यातून नक्की कळतं. मग १२ फेब्रुवारी २०२५ ला नियमांत दुरुस्ती झाली आणि माझ्या मते ग्राहकाच्या हाताला पहिल्यांदाच वजन आलं. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागे, आता सात दिवस मिळतात. नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडी केलेलं असण्याची अट गेली. मोबाइल कंपनीला कारवाईसाठी ३० दिवस होते, ते पाचांवर आले. आणि सर्वांत महत्त्वाचं, पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या तर कारवाई होई. आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्या वेळी १५ दिवस बाहेर जाणारे कॉल बंद, पुन्हा सापडला तर सर्व कंपन्यांकडच्या त्याच्या सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी बंद.

पाच हा आकडा नीट पाहायला हवा. कॉल लावणारं यंत्र नंबरांची यादी घेऊन बसलेलं असतं. एका नंबरावरून एका दिवसात शेकडो लोकांना कॉल जातात. त्यांतल्या फक्त पाच जणांनी तक्रार नोंदवली की त्या नंबराचं काम थांबतं. सिंदी मेघेतल्या एकट्याने तक्रार करून काय होणार, या प्रश्नाला आता सरळ उत्तर आहे: पाचवा हिस्सा होतो. इतकं वजन एका नागरिकाच्या शब्दाला फार थोड्या ठिकाणी मिळतं. हजारात एकही तक्रार येत नसताना मात्र हे पाच जणही जमत नाहीत. त्यांतला एक पुण्यात, एक नांदेडात, एक आर्वीत, आणि प्रत्येक जण कॉल कापून मोकळा झालेला.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. नंबर बंद झाला तर ते दुसरा घेतात, मग उपयोग काय? उपयोग खर्चाचा आहे. हा धंदा उभाच मुळी स्वस्ताईवर आहे. नंबर महिनोन्‌महिने टिकला तर कॉल जवळजवळ फुकट पडतो. तोच चार दिवसांत बंद होऊ लागला तर नवं सिम, नवी कागदपत्रं, नवी जोडणी, प्रत्येक वेळी पैसा आणि पकडलं जाण्याचा धोका. शिवाय शिक्षा नंबरापुरती नाही, नंबर घेणाऱ्याला आहे. वर्षभर कोणत्याच कंपनीकडून जोडणी नाही म्हणजे त्याला दुसऱ्याच्या नावामागे लपावं लागतं, आणि तिथून पुढे तो साधा विक्रेता राहत नाही, गुन्हेगार ठरतो.

दुसरा आक्षेप तरुण मंडळी घेतात. फोनमध्ये ॲप टाकलं की स्पॅम म्हणून लाल रंगात दिसतं, काही मोबाइल कंपन्यांनी २०२४ पासून स्वतःच तशी सूचना द्यायला सुरुवात केली आहे, मग तक्रारीची कटकट कशाला? कंपनीकडून येणारी सूचना चांगलीच आहे. पण लाल रंग पाहायला स्मार्टफोन लागतो, आणि बऱ्याच ॲपना वर इंटरनेटही. साध्या फोनवर बोलणारे आजोबा, आशाताईंकडे नोंदवलेली गर्भार बाई, यांच्यापर्यंत हा रंग पोचत नाही. ॲप वापरणारे सुटतील आणि यंत्र उरलेल्यांवर, म्हणजे वयाने मोठ्या आणि कमी शिकलेल्या लोकांवर, अधिक जोर लावेल. ज्याने त्याने आपल्यापुरतं छत्र धरावं, ही वाट मला म्हणूनच मान्य नाही. तक्रारीने नंबर बंद होतो तो सगळ्यांसाठी बंद होतो. शिवाय फुकट ॲप आपल्या फोनमधल्या माहितीची परवानगी मागतं. एका उपद्रवापासून वाचायला आणखी एकाच्या हाती माहिती द्यायची का, हाही विचार करायला हवा.

रोजगाराचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. कॉल सेंटरमधल्या मुलामुलींचं पोट त्यावर आहे, हे खरं. पण नोंदणी करून, १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून, ज्याने हरकत नोंदवलेली नाही त्याला जाहिरात करायला आजही बंदी नाही. बँक, विमा अशा संस्थांनी ग्राहकाच्या कामासाठी केलेल्या कॉलना १६०० ची मालिका दिली आहे. आकडा पाहूनच कॉल कशाचा ते कळावं, ही कल्पना उत्तम आहे, आणि शाळेपासून महिला बचत गटापर्यंत हे दोन आकडे लोकांना तोंडपाठ झाले पाहिजेत. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने मात्र माणसाचं काम वाढत नाही, ते कमी होतं. यंत्राच्या कॉलचं समर्थन रोजगाराच्या नावाने करता येत नाही. अशी यंत्रं वापरायची असतील तर मोबाइल कंपनीला आधी कळवावं लागेल, असं २०२५ च्या दुरुस्तीत आहेच. अमेरिकेने १९९१ च्या कायद्यात कृत्रिम किंवा रेकॉर्ड केलेल्या आवाजाला संमतीची अट घातली. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात मतदारांना कॉल गेले, तेव्हा पुढच्याच महिन्यात तिथल्या नियामकाने एआयने बनवलेला आवाजही याच अटीखाली येतो, असं जाहीर केलं. आपल्याकडे मराठीत, अगदी ओळखीच्या सुरात बोलणारं यंत्र आता अवघड राहिलेलं नाही. आपल्यालाही ही अट इतक्याच स्पष्ट शब्दांत हवी आहे.

फसवणुकीचे कॉल हा वेगळा प्रकार आहे आणि दोन्हींची गल्लत करू नये. "तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, नऊ दाबा," असं ट्रायच्या नावाने सांगणारा कॉल हा सरळ सापळा असतो. ट्राय कोणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही, हे तिने स्वतः अनेकदा जाहीर केलं आहे. फोनवरून जिची धमकी देतात ती 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कोणत्याही कायद्यात नाही. २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम सुमारे २२,८४५ कोटी रुपये होती. असले ठग नियम पाळणार नाहीत, हे उघड आहे. त्यांची माहिती कळवण्यासाठी दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर 'चक्षू' ही सोय आहे. पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक आहे, आणि तिथे जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. परदेशातून येऊन भारतीय नंबराचा मुखवटा घालणारे कॉल अडवण्याची यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, तेव्हा पहिल्या २४ तासांत १.३५ कोटी कॉल अडवले गेले. एवढे कॉल एका दिवसात आपल्या फोनांपर्यंत येऊ पाहत होते. पण ठगाला लपायला गर्दी लागते, आणि ती गर्दी जाहिरातींचे कॉल पुरवतात. कर्जाचा खरा कॉल आणि कर्जाचा खोटा कॉल एकाच तऱ्हेच्या नंबरावरून, एकाच तऱ्हेच्या आवाजात येतात तोवर साध्या माणसाने ओळखायचं कशावरून? जाहिरातींची गर्दी हटली तर ठग उघडा पडेल.

एक गोष्ट या नियमांतून निसटते, तीही सांगायला हवी. हे सगळे नियम व्यापारी कॉलसाठी आहेत. निवडणुकीत उमेदवाराचा आवाज फोनवर येतो तो यात बसत नाही. २००४ साली अटलबिहारी वाजपेयींचा रेकॉर्ड केलेला आवाज देशभरच्या फोनांवर गेला, तेव्हा लोकांना त्याचं अप्रूप वाटलं होतं. आता लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक निवडणुकीत ते चालतं. निवडणूक आयोग प्रचाराच्या ध्वनिसंदेशाचा मजकूर आधी मंजूर करून घ्यायला सांगतो. पण मतदाराला तो संदेश हवा आहे का, हे कोणीच विचारत नाही. कायदा करणाऱ्यांनी स्वतःला त्यातून वगळून घेऊ नये.

आणि सर्वांत मोठी उणीव लाभार्थ्याबद्दलची आहे. कर्ज विकणारा दहा आकडी नंबर कुणा दलालाचा असतो. पण कर्ज शेवटी कोणत्यातरी परवानाधारक संस्थेचं असतं, प्लॉट कोणत्यातरी नोंदणीकृत बिल्डरचा असतो. दलालाचा नंबर तुटतो आणि ज्याचा माल विकला गेला तो नवा दलाल नेमतो. एजंटाने केलं, आम्हाला माहीत नव्हतं, हे उत्तर वसुलीच्या दादागिरीबाबत रिझर्व्ह बँकेने चालू दिलेलं नाही. एजंटाच्या वागण्याची जबाबदारी तिने बँकेवर ठेवली आहे. विक्रीच्या कॉललाही हाच न्याय लागू करायला काय हरकत आहे? पीक कर्जासाठी बँकेत खेटे घालणाऱ्या वर्ध्याच्या शेतकऱ्याला महागडं खासगी कर्ज दिवसातून तीनदा न मागता देऊ केलं जातं. त्या कर्जावर व्याज कमावणाऱ्याचं नाव कागदावर आल्याशिवाय हे थांबणार नाही.

ते नाव कागदावर येतं ते तक्रारीतूनच. म्हणून कॉल कापण्याआधी दहा सेकंद ऐकावं: काय विकतात, कोणाच्या नावाने विकतात. एकही आकडा दाबू नये. मग कॉल आला तो नंबर, तारीख आणि कशाचा कॉल होता ते एका ओळीत लिहून १९०९ ला एसएमएस करावा, किंवा तिथे फोन करून सांगावं. आपल्या मोबाइल कंपनीच्या ॲपमधून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपमधूनही हे होतं. मुदत सात दिवसांची आहे. घरात ज्याला टाइप करता येत नाही, त्याच्या फोनवर आलेल्या कॉलची तक्रार त्याच्याच फोनवरून शाळेतली नात लिहून पाठवू शकते. आलेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा, आणि पाच दिवसांनी त्याचं काय झालं ते विचारावं.